गच्चीवरचे सव्वातीन किलोवॉट : सोलापुरातील एका लहान सौर ठेकेदाराच्या कामाचा अभिप्राय

आमच्या जुळे सोलापुरातील घराच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या आहेत. नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे या शहरात एका टाकीवर कोणाचे भागत नाही, आणि म्हणून येथे गच्चीवर सौर पॅनेल बसवू पाहणाऱ्या माणसाची पहिली गाठ स्वतःच्याच टाकीच्या सावलीशी पडते. एका मोठ्या कंपनीच्या विक्री प्रतिनिधीने आमची गच्ची टॅबलेटवरच्या उपग्रह छायाचित्रात पाहिली, वर चढण्याची तसदी घेतली नाही, आणि सहा पॅनेलांचा जो आराखडा पाठवला त्यातील दोन पॅनेल नंतर बसवलेल्या दुसऱ्या टाकीच्या बरोबर उत्तरेला येत होती. ते लक्षात आणून दिल्यावर सावलीवर उपाय म्हणून एक जादा उपकरण सुचवण्यात आले, त्याचे वेगळे पैसे सांगण्यात आले, आणि पुढे दीड महिना दर वेळी नव्या माणसाशी फोनवर बोलून कंटाळल्यावर मी बयाणा परत मागितला. तो परत मिळाला, एवढे नोंदवून तो विषय सोडतो.

त्यानंतर जे आले ते दोन भाऊ, दोघेही तिशीच्या आतबाहेरचे, आणि त्यांच्यासोबत त्यांचे वडील. हा अभिप्राय त्यांच्या कामाबद्दल आहे. त्यांच्या फर्मचे नाव मी लिहिणार होतो, परंतु त्यांनीच नको म्हटले, कारण आजही त्यांचे निम्मे काम मोठ्या व्हेंडरांच्या हाताखाली पेटी कॉन्ट्रॅक्टर म्हणून चालते आणि आपल्या नावाने आलेली स्तुती तिकडे अडचणीची ठरेल अशी त्यांना धास्ती वाटते. ही धास्ती मला पटली नाही, पण ती त्यांची आहे. म्हणून नाव गाळले आहे. जुळे सोलापूर आणि विजापूर रस्त्याच्या परिसरात चौकशी केल्यास त्यांचा पत्ता लागण्यास वेळ लागणार नाही.

थोरला भाऊ पहिल्यांदा आला तो दुपारी चार वाजता, खडू घेऊन. त्याने टाक्यांच्या सावलीच्या कडा स्लॅबवर आखल्या, चहा घेतला, तासाभराने पुन्हा आखल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला येऊन तेच केले. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा चालू होता. आखून झाल्यावर त्याने उत्तरेकडच्या रेषेच्या पुढे आणखी हातभर अंतर मोजून दुसरी रेघ ओढली आणि म्हणाला, "काका, डिसेंबरच्या अखेरीस सावली इथपर्यंत येईल. आता मोकळी दिसणारी जागा मोकळी धरायची नाही." डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम वर जाऊन पाहिले; रेघ चार बोटांनी चुकली होती, आणि तीही सुरक्षित बाजूला. पॅनेलांचे दोन रांगांऐवजी एक लांब रांग आणि एक आखूड रांग असे विभाजन त्याने या रेघेवरूनच केले. उन्हाचा हिशोब मांडणारे सॉफ्टवेअर त्याच्या मोबाईलमध्येही आहे, परंतु त्याचा भरवसा खडूवर अधिक दिसला.

वडिलांचे काम मला आधी कळले नाही. ते हातोडीच्या दांड्याने स्लॅबवर वीतवीत अंतरावर ठोकत चालले होते आणि कान देऊन ऐकत होते. जेथे आवाज पोकळ आला तेथे गिलाव्याचा थर सुटलेला आहे, तेथे खांबाचे बोल्ट घ्यायचे नाहीत, असा त्यांचा निर्णय होता, आणि त्यामुळे दोन खांब मूळ जागेपासून फूटभर सरकवावे लागले. हे कुटुंब वडार समाजातील. वडिलांचे अर्धे आयुष्य खाणीत आणि विहिरींच्या खोदाईत गेले आहे, त्यामुळे दगडाचा आणि काँक्रीटचा आवाज त्यांना वाचता येतो. ही गोष्ट मी कौतुकाने सांगत असलो तरी त्या कौतुकाला मर्यादा आहे, याचीही जाणीव ठेवतो. त्यांचा एक कान या धंद्यातील सुरुंगांनीच अधू झाला आहे आणि ते ठोकताना दुसरा कान स्लॅबकडे वळवतात.

अर्थिंगच्या खड्ड्यांच्या वेळी या अनुभवाचा खरा उपयोग झाला. सौर संचाला डीसी म्हणजे पॅनेलच्या बाजूसाठी, एसी म्हणजे घरगुती विजेच्या बाजूसाठी आणि आकाशातील विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकासाठी असे तीन स्वतंत्र अर्थिंग द्यावे लागते. सोलापूरची जमीन म्हणजे वर थोडा मुरूम आणि खाली काळा पाषाण. आमच्या अंगणात तीन फुटांवर खडक लागला. घाईतला ठेकेदार अशा वेळी जमिनीत पुरायचा धातूचा इलेक्ट्रोड वरून कापून आखूड करतो आणि खड्डा बुजवून टाकतो, आणि घरमालकाला ते आयुष्यात कधी समजत नाही. येथे वडिलांनी पहार आणि छिन्नी घेऊन खडकाची भेग शोधली, दोन खड्डे त्या भेगेच्या रोखाने घेतले आणि तिसरा कुंपणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात हलवला. नंतर धाकट्याने भाड्याने आणलेले मोजमापाचे यंत्र लावून तिन्ही ठिकाणचा रोध मला दाखवला आणि आकडे कागदावर लिहून त्याखाली सही केली. हा कागद मी मागितला नव्हता.

धाकटा आयटीआयमधून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला आणि त्यानंतर 'सूर्यमित्र' प्रशिक्षण घेतलेला आहे. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत २०१५पासून चालणाऱ्या या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाविषयी लोक बरेवाईट बोलतात, परंतु या मुलाच्या हातात ते उतरलेले आहे. पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या कनेक्टरमध्ये तांब्याचे धागे दाबून बसवण्याचे काम, ज्याला ते क्रिंपिंग म्हणतात, त्याने प्रत्येक वेळी त्याच कामाच्या हत्याराने केले, पक्कडीने केले नाही. दाबल्यावर तार ओढून पाहिली. आणि एका सांध्यात दोन धागे बाहेर राहिलेले दिसताच तो कनेक्टर कापून टाकून नवा घातला. सहा पॅनेल एकापुढे एक जोडली की भर उन्हात सुमारे तीनशे व्होल्ट डीसी दाब तयार होतो, आणि डीसीची ठिणगी घरगुती विजेसारखी चटकन विझत नाही, म्हणून सैल सांधा हा या संचातला सर्वांत धोक्याचा भाग असतो. तो म्हणाला, "हा सांधा आज दिसत नाही, तीन वर्षांनी तापतो. तेव्हा आम्हालाच यायचे आहे." घरांवरील सौर संचांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पाच वर्षांची देखभाल व्हेंडरवर बंधनकारक असल्यामुळे हे बोलणे त्याच्या हिताचेही आहे, तरीही त्याच योजनेतील शेजारच्या एका घरावर मी पक्कडीने दाबलेले सांधे पाहिलेले आहेत.

आता उणिवा. पहिली उणीव कोटेशनची. त्यांनी दिलेला पहिला कागद अर्ध्या पानाचा होता; त्यात पॅनेलची बनावट, इन्व्हर्टरची कंपनी, स्ट्रक्चरवरच्या जस्ताच्या थराची जाडी, तारेचा आकार यांपैकी काहीही नव्हते, केवळ 'तीन किलोवॉट पूर्ण काम' आणि खाली रक्कम. विचारल्यावर सर्व तपशील तोंडपाठ सांगितले, परंतु तोंडचे तपशील पाच वर्षे टिकत नाहीत. दुसरे कोटेशन थोरल्याच्या पत्नीने करून पाठवले, ते मात्र उत्तम होते; अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतीय बनावटीचे असण्याची जी अट आहे तिचा त्यात स्पष्ट उल्लेख होता, आणि वस्तू व सेवा कराची फोड सत्तर टक्के माल आणि तीस टक्के सेवा अशी नीट दाखवलेली होती. २२ सप्टेंबर २०२५पासून सौर उपकरणांवरील कर बारावरून पाच टक्क्यांवर आल्यामुळे एकूण भार १३.८ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर उतरला आहे. ही घट त्यांनी मी न विचारता किमतीत उतरवली. पाचशे चाळीस वॉटची सहा पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॉट, करासह १ लाख ९२ हजार रुपये. मोठ्या कंपनीचे कोटेशन याहून ३३ हजारांनी जास्त होते.

दुसरी उणीव गंभीर आहे. पहिल्या दिवशी थोरला भाऊ गच्चीच्या कठड्याबाहेर वाकून पाइप बसवत होता आणि त्याच्या कमरेला पट्टा नव्हता. तिघांत मिळून सुरक्षेचा एकच पट्टा आहे आणि तो त्या दिवशी दुसऱ्या साइटवर राहिला होता. मी काम थांबवले. त्याला ते रुचले नाही, कारण अर्धा दिवस वाया गेला. पण दुसऱ्या दिवशी पट्टा आला, आणि त्यानंतर तो काढलेला मी पाहिला नाही. तिसरी उणीव किरकोळ : इन्व्हर्टरचे मोबाईल ॲप त्यांनी स्वतःच्या क्रमांकावर सुरू केले होते आणि माझ्या नावावर करून घेण्यासाठी मला दोनदा आठवण करावी लागली. स्ट्रक्चरच्या एका कापलेल्या टोकाला जानेवारीत गंज दिसला. कळवल्यावर तिसऱ्या दिवशी येऊन घासून त्यावर जस्ताचा लेप दिला.

चौथी उणीव उशिराची, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिचे मूळ त्यांच्या कामात नाही. ठरलेल्या तारखेपेक्षा पॅनेल नऊ दिवस उशिरा आली. मी रागावून त्यांच्या घरी गेलो. धाकट्याने काहीतरी गोलमोल सांगितले; थोरल्याच्या पत्नीने, म्हणजे ज्यांच्या नावावर ही फर्म आहे त्या बाईंनी, सरळ सांगितले की आधीच्या एका ग्राहकाने 'अनुदान आले की देतो' म्हणून पैसे अडकवले आहेत आणि डिस्ट्रिब्युटर आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय माल सोडत नाही.

येथे मला थोडे अवघडायला झाले, कारण बयाण्याच्या वेळी मीही नेमके तेच सुचवले होते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार आणि तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार, असे कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळते, आणि ते संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे ठेकेदाराचा त्या रकमेशी संबंध नाही. त्याला त्याचे पैसे काम झाल्यावर मिळायला हवेत. व्यवहारात ग्राहक काय म्हणतो, तर ७८ हजार माझे सरकार देणार आहे, तेव्हा तेवढे तू थांब. मोठी कंपनी असे थांबायला सांगणाऱ्या ग्राहकाला दारात उभे करत नाही. नवखा, लहान ठेकेदार नाही म्हणू शकत नाही, कारण नाही म्हटले की काम शेजारच्याकडे जाते. मी हे सुचवले तेव्हा त्या बाई म्हणाल्या होत्या, "काका, तुमचे पैसे बुडणार नाहीत, सरकारचेही बुडणार नाहीत. पण तिघांनी थांबवले की आमचे चौथे काम बुडते." त्या वेळी मला हे वाक्य धंद्याची घासाघीस वाटले होते. नऊ दिवसांचा उशीर झाल्यावर त्याचा अर्थ कळला : आमच्या पॅनेलांचे पैसे कोण्या अनोळखी गृहस्थाच्या अनुदानात अडकलेले होते, आणि माझे म्हणणे मान्य झाले असते तर माझ्यापुढच्या कोणाची तरी पॅनेल माझ्या अनुदानात अडकली असती.

मी एकतीस वर्षे एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत, त्यामुळे चहा घेता घेता मी त्यांची कागदपत्रे पाहायला मागितली. त्यांनी ती विनासंकोच दाखवली. योजनेचे अधिकृत व्हेंडर होण्यासाठी अडीच लाख रुपयांची, पाच वर्षे मुदतीची बँक हमी द्यावी लागते. कागदावर ही रक्कम मोठी नाही. ग्राहकाला पाच वर्षे सेवा मिळावी म्हणून असे काही तारण हवेच, हेही मान्य आहे. परंतु नव्या, तारण नसलेल्या ग्राहकाला हमी देताना बँक बहुधा पूर्ण रकमेइतकी मुदत ठेव मागते, म्हणजे हमी असे जिला नाव आहे ती प्रत्यक्षात पाच वर्षे गोठवलेली रोख रक्कम असते. मोठ्या कंपनीला अडीच लाख म्हणजे एका महिन्याचा चहापाण्याचा खर्च; या घराने त्यासाठी खडी वाहण्याचा टेम्पो विकला आणि भिशीचा नंबर तोटा सोसून आधी उचलला. ते होईपर्यंतची तीन वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या नावाखाली, किलोवॉटमागे ठरलेल्या मजुरीवर, हीच कामे केली. त्या घरांच्या कागदपत्रांत त्यांचे नाव कोठेही नाही, त्यामुळे आज 'पूर्वानुभव किती' या रकान्यात ती तीन वर्षे लिहिता येत नाहीत. असे अर्ज मीही माझ्या टेबलावरून 'अनुभव अपुरा' असा शेरा मारून परत पाठवलेले आहेत, हे येथे लपवण्यात अर्थ नाही.

मग त्यांच्यासाठी सरकारी योजना नाहीत का? आहेत, आणि बऱ्याच आहेत, पण हे घर त्यांच्या फटीत सापडलेले आहे. 'स्टँड-अप इंडिया' योजना एप्रिल २०१६मध्ये सुरू झाली ती अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिला उद्योजकांना १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत कर्ज मिळावे म्हणून, आणि ती मार्च २०२५पर्यंत चालली. महाराष्ट्र शासनाने तिला जोड देऊन अनुसूचित जाती व नवबौद्ध उद्योजकांच्या स्वतःच्या हिश्श्यापैकी प्रकल्प खर्चाच्या पंधरा टक्के इतकी रक्कम भरण्याची सोयही केली. केंद्र सरकारच्या २०१२च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी पंचवीस टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून आणि त्यातील चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यावयाची असते. वडार समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत येतो, अनुसूचित जातींच्या नाही. त्यामुळे या चार टक्क्यांत ते बसत नाहीत. यातील विचित्र भाग असा की सोलापूरहून तीन तासांच्या आत सीमा ओलांडून इंडी तालुक्यात गेले की त्यांचेच सोयरे कर्नाटकच्या यादीप्रमाणे अनुसूचित जातीत मोडतात. तेच आडनाव, तीच कुलदैवते, लग्ने परस्परांत, आणि मधल्या एका नाक्याने उद्योजकाची वर्गवारी बदलते.

राज्यात वसंतराव नाईक यांच्या नावाचे विमुक्त जाती व भटक्या जमाती विकास महामंडळ आहे, आणि २०२३च्या राज्य अर्थसंकल्पात वडार समाजासाठी पैलवान मारुती चव्हाण यांच्या नावाने स्वतंत्र आर्थिक विकास महामंडळही जाहीर झाले. नाईक महामंडळाच्या थेट कर्ज योजनेची मर्यादा एक लाख रुपये आहे. शेळ्या, शिलाईयंत्र, किराणा दुकान यांसाठी ती ठीक असेल. सौर ठेकेदाराला त्यात एका घराचा पूर्ण संचसुद्धा उभा करता येत नाही आणि अडीच लाखांची हमी तर दूरच राहते. उपेक्षित समाजातील माणूस उद्योग करील तो लहानसाच, असे गृहीत धरूनच ही मर्यादा आखलेली असावी, असे माझे मत आहे.

वाट निघाली ती फर्म थोरल्याच्या पत्नीच्या नावे करून. महिला उद्योजक म्हणून त्या बाई महिलांसाठीच्या योजनांत बसतात आणि खरेदी धोरणातील महिलांच्या तीन टक्क्यांतही. हे ऐकून कोणी कागदी महिला उद्योजक म्हणून नाक मुरडील, म्हणून स्पष्ट करतो की योजनेच्या पोर्टलवरील अर्ज, महावितरणकडची नेट मीटरची (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरची) नोंद, करारपत्र, छायाचित्रे चढवणे, कराची विवरणपत्रे ही सर्व कामे त्याच करतात, आणि पैशांच्या बाबतीत शेवटचा शब्दही त्यांचाच असतो. माझ्या अर्जातील ग्राहक क्रमांकावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत 'राव' या दोन अक्षरांचा फरक होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी पकडला, नाहीतर अनुदान तेथेच अडले असते. दहा किलोवॉटपर्यंतच्या संचांना आता वेगळ्या तांत्रिक व्यवहार्यता अभ्यासाची गरज राहिलेली नाही, त्यामुळे अर्ज मंजुरीला वेळ लागला नाही, आणि संच उभा राहिल्यावर सोळाव्या दिवशी नेट मीटर बसले.

उरलेला अर्धा धंदा शेतातला आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्केच रक्कम भरावी लागते. ही सवलत योग्यच आहे. पण शेतकऱ्याच्या बांधावर खड्डा खणून पाया भरणारा, पॅनेल उभी करणारा माणूस त्या योजनेच्या कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. पुरवठादार कंपनीची निवड होते, कंपनी जिल्ह्याचे काम एकाला देते, तो तालुक्याचे दुसऱ्याला, आणि मंगळवेढ्याच्या माळावर प्रत्यक्ष पहार घेऊन उतरतात ते हे बापलेक. तीन हातांतून गेलेल्या पैशाला त्यांच्यापर्यंत यायला किती वेळ लागतो, याचा हिशोब त्या बाईंच्या वहीत लाल शाईने मांडलेला मी पाहिला. सर्वांत जुनी नोंद पाच महिन्यांची होती. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत चुकते करावेत असा २००६चा कायदा आहे, उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजाची तरतूदही आहे. परंतु अशा उभारणीच्या ठेक्याला तो लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. आणि लागू होत असला तरी पुढचे काम ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्ध तक्रार कोण नोंदवणार? धाकट्याला मी हे विचारले तेव्हा तो नुसता हसला.

योजनेचा एकंदर खर्च ७५,०२१ कोटी रुपये आणि उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे. आजवर बसलेले संच फक्त मोठ्या कंपन्यांच्या पगारी माणसांनी उभे केलेले नाहीत, हे कोणत्याही गावातील गच्चीवर चढून पाहिल्यास दिसते. प्रशिक्षण वर्ग, प्रमाणपत्र वाटप, सत्कार हे सर्व या कुटुंबाच्या वाट्याला येऊन गेले आहे. भिंतीवर दोन सन्मानचिन्हे आहेत. त्यांना ज्याची चणचण आहे ती गोष्ट म्हणजे साठ ते नव्वद दिवसांचे खेळते भांडवल. अडीच लाखांची हमी रोख ठेवीऐवजी एखाद्या महामंडळाने स्वतःच्या नावावर घेतली आणि मंजूर अनुदानाच्या पत्रावर बँकेने ठेकेदाराला ७८ हजारांची उचल दिली, तर यांचे महिन्याचे काम दोन घरांवरून सहा घरांवर जाईल, असा माझा अंदाज आहे. कर्ज विभागात असताना मला हे सुचले असते तर बरे झाले असते.

ग्राहक म्हणून मी शेवटी जे केले ते असे. साठ टक्के रक्कम माल मागवताना, तीस टक्के पॅनेल उभी राहिल्याच्या संध्याकाळी आणि दहा टक्के नेट मीटर फिरू लागल्यावर दिली. अनुदानाची वाट पाहिली नाही. ते सात आठवड्यांनी आले आणि माझ्याच खात्यात आले, तेव्हा त्यासाठी दुसऱ्याला थांबवण्याचे मला काही प्रयोजनही नव्हते. हाती राखलेले दहा टक्के मात्र राखावेत, कारण ॲप नावावर करून घेण्यासारखी शेपटाची कामे कोणताच ठेकेदार आपणहून लवकर संपवत नाही.

संच सुरू झाल्यापासून मार्चअखेरपर्यंत दिवसाला सरासरी तेरा युनिट वीज तयार झाली. ढगाळ दिवशी सहा, आणि फेब्रुवारीतील एका स्वच्छ, गार दिवशी सोळा. उन्हाळ्यात ऊन वाढले म्हणून वीज त्याच प्रमाणात वाढत नाही, पॅनेल तापले की उत्पादन घटते, हे धाकट्याने आधीच सांगून ठेवले आहे, त्यामुळे मेमध्ये आकडा पाहून मी त्याला फोन करणार नाही. धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरू नका, क्षारांचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि निघत नाहीत, नळाच्या पाण्याच्या दिवशी सकाळी ऊन चढण्याआधी दोन बादल्यांत काम उरका, ही त्यांची सूचना आम्ही पाळतो. अनुभव चांगला आहे. जानेवारीचे बिल स्थिर आकारापुरते आले.

पाचपैकी चार तारे देतो. एक तारा सुरक्षा पट्ट्याचा कापला आहे, आणि तो पट्टा मी त्यांना घेऊन देऊ केला असता त्यांनी नाकारून पुढच्या आठवड्यात स्वतः दोन विकत घेतले, असे कळले; दिसले की तारा परत करीन. सध्या तीन आठवड्यांची तारीख मिळते. फोन संध्याकाळी सातनंतर करावा आणि कोटेशन थोरल्याकडून न घेता घरच्या बाईंकडूनच मागावे.